दोन मुठी, तीन बोटं

१

आकाशात काही विचित्र दिसलं की लोक वेधशाळेला कळवतात आणि वेधशाळा ते माझ्याकडे पाठवून मोकळी होते. मला निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली तरी ही प्रथा चालू आहे, कारण हे काम दुसऱ्या कुणाला नको आहे. नोकरीत असताना त्याला 'शंकानिरसन विभाग' असं भारदस्त नाव होतं. विभाग म्हणजे एक टेबल, एक खुर्ची आणि मी.

चार हजारांवर पत्रांना मी उत्तरं दिली. शुक्र. गुरू. उपग्रह. उतरणारं विमान, हवामान खात्याचा फुगा, ढगावर पडलेला झोत, चष्म्याच्या काचेतलं प्रतिबिंब. 'कळले नाही' असा शेरा माझ्या एकाही कागदावर नाही. याचा अभिमान वाटायचा, असं लिहायला हवं. खरं सांगायचं तर थोडी धास्तीच वाटायची. किल्ल्या कुठे ठेवल्या ते न आठवणारा, पोर तापली की थर्मामीटर तीनदा लावून तिन्ही आकड्यांवर संशय घेणारा मी, या एकाच बाबतीत कधी कसा चुकत नव्हतो?

मोजायची पद्धत माझ्या बायकोची. ती शाळेत चित्रकला शिकवायची. हात सरळ लांब करायचा, एक डोळा मिटायचा आणि क्षितिजापासून वर मुठी मोजत जायचं. एक मूठ म्हणजे दहा अंश. मधली तीन बोटं म्हणजे पाच, करंगळी म्हणजे एक. वेधशाळेच्या फॉर्मवर जो हात छापलेला आहे तो तिनेच काढलेला, तिच्याच हाताचा.

"आभाळासाठी एक डोळा पुरतो," ती पोरांना सांगायची. "जवळच्या गोष्टीचं अंतर काढायचं असेल तर डोळा बदलायचा. हा मिटून तो उघडायचा. मूठ किती सरकते ते बघायचं. जितकी गोष्ट जवळ, तितकी मूठ कमी हलते."

तिला जाऊन एकोणीस वर्षं झाली.

२

औषधाच्या दुकानाचा मालक माझ्या घरासमोर, चौकाच्या दक्षिणेला, दुकानाच्याच वरच्या मजल्यावर राहतो. सगळे त्याला केमिस्ट म्हणतात, मीही. मागच्या महिन्यातल्या एका सोमवारी रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला गेलो, तर त्याने गोळ्यांसोबत भरलेला फॉर्म पुढे केला.

"हे घ्या सर, तुमचं गिऱ्हाईक. तुमच्या घरावर कुणी दिवा टांगलाय का?"

"कुठे?"

"वर. पार वर. काल पावणेआठला गच्चीवर पाय मोकळे करत होतो. सहा मुठी मोजल्या. पिवळसर आहे, लुकलुकत नाही. बायको म्हणाली, सरांना सांगा, त्यांना तेवढाच विरंगुळा."

दिशेच्या रकान्यात त्याने 'उत्तर' लिहिलं होतं. घरी येऊन मी पंचांग काढलं. उत्तरेला त्या वेळी त्या उंचीवर ठळक असं काही नव्हतं. त्या संध्याकाळी पावणेआठला अंगणात उभा राहून मान दुखेपर्यंत पाहिलं. तारे होते, नेहमीचेच. डोक्यावर तर काहीच नव्हतं. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर मला दिव्यांभोवती वलयं दिसतात, म्हणजे दिसायचं तर मला जास्तच दिसायला हवं होतं.

शेऱ्यात मी 'फुगा' लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह टाकलं. माझ्या कारकिर्दीतलं ते पहिलं प्रश्नचिन्ह.

३

बुधवारी दुसरा फॉर्म आला. गावाच्या पूर्वेला पाण्याच्या टाकीजवळ एक निवृत्त परिचारिका राहतात, त्यांचा. अक्षर टापटिपीचं, जशी तापाची नोंद. 'रविवार, वेळ ७.४५. दिशा पश्चिम. दोन मुठींना किंचित कमी. आपण शुक्र म्हणाल. परंतु शुक्र सध्या पहाटे दिसतो.'

मला पहिल्यांदा त्या बाईंचा रागच आला. मग दोन्ही फॉर्म शेजारी ठेवले आणि माझा हात थांबला.

केमिस्टला उत्तरेला दिसलं. यांना पश्चिमेला. ग्रह किंवा तारा इतका लांब असतो की एकाच गावातल्या दोन घरांतून तो एकाच दिशेला दिसतो. दिशा वेगळ्या आल्या तर गोष्ट जवळची. हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवत असे. पण वर्षानुवर्षं एकेक पत्र उघडायचं, उत्तर लिहायचं, बाजूला ठेवायचं, असंच करत आलो. दोन पत्रं एकमेकांशी ताडून पाहण्याची गरजच वाटली नव्हती. आभाळातलं सगळं लांबचं, हे मी धरूनच चाललो होतो.

गावाचा नकाशा टेबलावर पसरला. केमिस्टच्या घरावर टाचणी, परिचारिकाबाईंच्या घरावर टाचणी, दोन्हींना शिवणाचा दोरा. दोरे ताणले. जिथे एकमेकांवरून गेले तिथे एक बारीक चौकोन होता आणि त्याच्या बाजूला जिन्याची खूण.

लोखंडी जिना बाहेरून असलेलं चौकात एकच घर आहे. मी त्यात बसलो होतो.

मग उंची काढली. केमिस्टकडून एकशे वीस मीटर अंतर, साठ अंश. बाईंकडून सहाशे मीटर, एकोणीस अंश. दोन्हीकडून उत्तर दोनशेच्या आसपास आलं. गणित तीनदा तपासलं. दर वेळी तेच आल्यावर मला गणिताचा नव्हे, केमिस्टचा संशय आला.

४

त्याचं कारणही होतं. गेल्या पावसाळ्यापासून मला वाटत होतं की केमिस्ट माझ्यावर नजर ठेवतो. मी दुकानातून निघालो की तो फोन उचलतो. गुरुवारी मी निघाल्यासारखं केलं आणि दाराआड थांबलो.

"हो ताई, आज आले होते. गोळ्या बरोबर नेल्या. नाही, बोलण्यात काही फरक नाही. तेच आपलं, दिव्याचं."

मी परत आत गेलो. त्याने फोन मांडीखाली लपवला, एवढ्या मोठ्या माणसाने.

"कोण होतं?"

"सर, रागावू नका. तुमची लेक मला ताईसारखी. तिनेच सांगून ठेवलंय, बाबांवर जरा लक्ष असू द्या म्हणून."

"आणि दिवा? तोही तिनेच सांगितला? म्हातारा काय उत्तर देतो ते बघायला?"

केमिस्टचा चेहरा पडला. "सर, आईशपथ! तुम्हीच या ना गच्चीवर, दाखवतो."

गेलो. पावणेआठला त्याच्या गच्चीच्या कठड्याशी आम्ही दोघे उभे होतो. माझ्या घराचा काळा आकार समोर, वरच्या खोलीची खिडकी बंद.

"तो बघा," तो म्हणाला. पाच मिनिटांनी पुन्हा म्हणाला, "दिसतोय ना सर?"

मला काही दिसत नव्हतं. त्याने हात लांब करून मोजलं. आज साडेचार मुठी होत्या.

खाली उतरताना मला जवळजवळ हायसं वाटत होतं. लेकीने आणि केमिस्टने मिळून माझी परीक्षा मांडली असेल, परिचारिकाबाई माझ्या डॉक्टरांच्या ओळखीच्या असतील. मला तेच हवं होतं. कारण ते खरं नसेल तर दोनच गोष्टी उरत होत्या. एक तर माझी बुद्धी चालली होती, नाही तर ते खाली येत होतं.

५

लेक पुढच्या शनिवारी चार महिन्यांचं बाळ घेऊन येणार होती. तीन वर्षांनी.

तीन वर्षांपूर्वी तिने नव्या घराचे फोटो पाठवले होते. एका फोटोत भिंतीवर मला भेग दिसली. रात्रभर विचार करून पहाटे तिला फोन केला, आत्ताच्या आत्ता बाहेर पडा. ती बिचारी दोन दिवस मैत्रिणीकडे राहिली. भेग म्हणजे पडद्याच्या दोरीची सावली होती. तेव्हा ती रडत म्हणाली होती, "बाबा, माझं सगळं लहानपण तुमच्या भीतीत गेलं. आणखी एकदा मला असं घाबरवलंत तर मी तुमच्याकडे येणार नाही. आणि माझं मूलही नाही."

ते मूल मी अजून प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं. मंगळवारी फोन केला तेव्हा केमिस्टच्या गच्चीवरून उंची साडेतीन मुठी होती.

"काय म्हणतो साहेब?" मी विचारलं. बाळाला ती साहेब म्हणते, कारण ते सगळ्यांकडे तपासणीला आल्यासारखं बघतं.

"मजेत. काल आत्याबाईंकडे असं रोखून पाहिलं की त्यांनी पदर सारखा केला."

"मी काय म्हणतो, वरची खोली बरेच दिवस बंद आहे. दमट आहे. चार दिवस उशिरा आलात तर..."

तिने मला वाक्य पुरं करू दिलं नाही.

"बाबा, केमिस्टकाकांनी सांगितलंय मला. दिव्याचं."

"ते नाही. दमट आहे, एवढंच."

"मग आम्ही येतोय. आईच्याच खोलीत राहणार."

मी बरं म्हणालो. काय बोलणार होतो? गणित बरोबर आहे म्हणून? भेगेचंही गणित केलं होतं मी.

६

गुरुवारी केमिस्टचा आकडा आला, 'दोन मुठी, तीन बोटं.' तो वाचताना वाटलं, हे अक्षर नाही, पण हे शब्द मी वाचले आहेत.

जुन्या पत्रांचे खोके माळ्यावर आहेत. एकोणीस वर्षांपूर्वीच्या खोक्यात ते सापडलं. शिवणकाम करणाऱ्या एका बाईंचं पत्र. त्यांचं दुकान केमिस्टच्या शेजारच्या गल्लीत होतं. 'दोन मुठी, तीन बोटं. उत्तरेस.' खाली माझ्या अक्षरात शेरा, 'शुक्र.'

उत्तरेला शुक्र कधीच नसतो. हे शाळेतल्या पोरालाही कळतं.

त्या महिन्यातली अशी सात पत्रं होती, चार माणसांची. सातही पत्रांवर 'शुक्र.' तेव्हा बायको वरच्या खोलीत अंथरुणाला खिळली होती. मी टपाल घरी आणायचो आणि न वाचता शेरे मारायचो. एवढं मला आठवत होतं. पण मी न वाचता लिहीत होतो की वाचायला घाबरत होतो, हे आता खात्रीने सांगता येत नाही.

नकाशावर चार टाचण्या टोचल्या. चार दोरे ताणले. ते कुठे भेटले ते लिहीत नाही.

शेवटचे पंधरा दिवस बायको खिडकीशी उशांना टेकून बसायची. उजवा हात सरळ समोर, मूठ आवळलेली, डावा डोळा मिटलेला. चित्रकलेच्या शिक्षिकेची सवय, असं मी डॉक्टरांना सांगितलं होतं आणि त्यांना ते पटलं होतं. मी ती मूठ हळूच उघडायचो आणि त्यात गोळी ठेवायचो. अगदी शेवटी ती म्हणाली, "आता डोळा बदलावा लागेल." मी ग्लानी समजलो.

खोक्याच्या तळाशी त्याच शिवणकामवाल्या बाईंचं आणखी एक पाकीट होतं. न फोडलेलं. फोडलं.

'सर, आपण शुक्र म्हणालात म्हणून मी गप्प बसले. पण तो आता आकाशात नाही. काल संध्याकाळी तो लोखंडी जिन्याच्या घराच्या वरच्या खिडकीत होता. तिथे कोणीतरी आमच्याकडे हात लांब करून, मूठ धरून उभे होते. आम्ही त्याला मोजतो ना, तसेच. ते घर कोणाचे आहे मला ठाऊक नाही. त्यांना कळवावे.'

बाईंना माझा पत्ता माहीत नव्हता. पत्र वेधशाळेत आलं होतं. वर तारीख होती. ज्या संध्याकाळला बाईंनी 'काल' म्हटलं होतं, त्या संध्याकाळी वरच्या खोलीला कुलूप होतं. आम्ही सगळे स्मशानातून येऊन खालच्या खोलीत बसलो होतो.

बाईंचा रस्ता चुकला असेल, घर चुकलं असेल, तारीख चुकली असेल. शिवणकाम करून डोळे अधू झाले असतील. मी हे सगळं एका कागदावर लिहून काढलं. कागद भरला, पण एकाही ओळीवर माझा विश्वास बसला नाही.

७

शनिवारी दुपारी लेक आली. टॅक्सीतून उतरल्यावर बाळ सरळ माझ्या हातात दिलं.

"घ्या. तपासणी करून घ्या तुमची."

साहेबाने मला पाहिलं. कपाळावर आठी घातली. मग माझं बोट धरलं आणि सोडलंच नाही. चार महिन्यांच्या बाळाची पकड अशीच असते, पुस्तकात आहे. तरी माझे डोळे भरून आले.

"खालच्या खोलीत झोपा," मी म्हणालो. "जिना लोखंडी आहे, बाळाला घेऊन चढ-उतार..."

"बाबा."

"बरं."

तिने स्वतःच वरची खिडकी उघडली, चादर बदलली. मी खाली भाजी चिरत होतो. वरून तिच्या गुणगुणण्याचा आवाज येत होता आणि मधूनच बाळाचा. मला वाटलं, तीन वर्षांत या घरात इतका साधा आवाज झालेला नाही. मी नकाशा गुंडाळून कपाटामागे टाकला होता. दोरेसुद्धा.

पावणेआठला फोन वाजला. केमिस्ट.

"सर, आज ते आभाळात नाहीये."

"बरं झालं."

"नाही, म्हणजे खाली आलंय. तुमच्या वरच्या खिडकीत आहे. मी म्हटलं, ट्यूब लावली असेल. पण सर..." तो हसला, पण ते हसू त्याला नीट जमलं नाही. "हात खाली घ्या ना आता. मला कशाला मोजताय?"

"मी खाली आहे," मी म्हणालो. "स्वयंपाकघरात. माझ्या हातात सुरी आहे."

त्याच्या गच्चीवरचा वारा तेवढा फोनमध्ये ऐकू येत होता.

वर लेक असेल. तिने खिडकी बंद करायला हात वर केला असेल. एकशे वीस मीटरवरून, कमी उजेडात, केमिस्टसारख्या माणसाला काहीही वाटेल. जिन्याच्या सतरा पायऱ्या चढेपर्यंत मी हेच म्हणत होतो.

८

लेक पलंगावर दाराकडे तोंड करून बसली होती. बाळ तिच्या खांद्यावर होतं, खिडकीकडे तोंड करून. मी आत आलो तशी ती ओठांवर बोट ठेवून हसली.

"बघा ना गंमत," ती कुजबुजली. "कधीपासून असाच हात ताठ धरून बसलाय. मूठ उघडली तरी परत मिटतो. दुखत असेल का हो?"

मी बाजूने पुढे गेलो. साहेबाचा उजवा हात सरळ खिडकीकडे होता, मूठ आवळलेली. डावा डोळा मिटलेला.

याला कारण आहे. या वयाच्या बाळांची मान एका बाजूला वळली की त्या बाजूचा हात आपोआप ताठ होतो. मुठी तर मिटलेल्याच असतात. डोळ्याला चिपडं आली असतील. तीन लक्षणं, तिन्हींना तीन साधी कारणं. मी ती मनात ओळीने मांडली आणि पुन्हा मांडली.

"बाबा." ती आता मागे वळून पाहत होती. "खिडकीत ते काय आहे?"

मी पाहिलं. इतके दिवस मला न दिसलेलं, ते मला दिसलं. ते काचेच्या बाहेर होतं की आत, हे मला सांगता येणार नाही. पिवळसर होतं. लुकलुकत नव्हतं.

बाळाला उचल, म्हणायचं होतं. चप्पलसुद्धा न घालता खाली पळ. ते शब्द तोंडात आले होते. पण तिचा चेहरा मला माहीत होता. लहानपणी तापात थर्मामीटर लावताना ती माझ्याकडे असंच पाहायची. आपल्याला काय झालंय ते पारा बघून नाही, माझा चेहरा बघून ठरवायची. भेगेच्या वेळीही तिने तेच केलं असणार. आता मी घाबरलो तर ती आज रात्रीच निघून जाईल आणि हे मूल मला पुन्हा दिसणार नाही. आणि मी घाबरलो नाही तर?

"शुक्र," मी म्हणालो.

तिने श्वास सोडला. तीन वर्षांत ती माझ्याकडे पाहून अशी हसली नव्हती. "मला वाटलंच," ती म्हणाली. "बघा, किती साधं असतं. उगाच जीव काढता स्वतःचा."

तिने पुन्हा खिडकीकडे पाठ केली आणि बाळाची पाठ थोपटू लागली. मी मागे सरकत दाराशी आलो होतो. त्याचा हात मानेबरोबर हळूहळू वळला. खिडकीवरून कपाटावर आला, कपाटावरून दारावर, आणि मग माझ्यावर येऊन थांबला. मूठ माझ्या चेहऱ्याच्या बरोबर समोर होती. मुठीच्या वर त्याचा उजवा डोळा माझ्यावर स्थिर होता. त्यात एक पिवळा ठिपका होता. खिडकी तर त्याच्या मागे होती.

मी हललो नाही. लेक अंगाई गात होती.

मग साहेबाने तो डोळा मिटला आणि दुसरा उघडला.